शेरखानचा आवाज कोणत्या कपाटात आहे?

प्रति,
माननीय सचिव,
माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली
आणि लहान मुलांच्या जुन्या मालिकांच्या टेपा व हक्क ज्यांच्या ताब्यात आहेत त्या सर्वांस

स. न. वि. वि.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गेली कित्येक वर्षं बालविभाग सांभाळते. सहा महिन्यांपूर्वी मी एका कार्यालयाला पत्र लिहून साधी विचारणा केली होती. १९९३ साली दूरदर्शनवर लागलेली ‘जंगल बुक’ ही जपानी कार्टून मालिका, तिच्या त्या वेळच्या हिंदी आवाजांसकट, वाचनालयासाठी रीतसर विकत कुठे मिळेल? मागच्या आठवड्यात उत्तर आलं. दोन ओळींचं. ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ मग कोणाच्या अखत्यारीत येतो, ते लिहिलेलं नव्हतं.

ते पत्र मी आवक नोंदवहीत चढवलं आणि त्याच रात्री हे लिहायला बसले. एका कारकुनाने नीट उत्तर दिलं नाही, एवढ्यापुरता हा राग नाही. या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची जबाबदारी कायद्याने कोणावर तरी आहे, आणि लाखो मुलांनी एकाच वेळी पाहिलेल्या मालिकेची ती कोणावरच नाही, हे मला त्या दोन ओळींतून उमगलं. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता उघडपणे लिहिते आहे.

माझा या मालिकेशी संबंध काय, ते आधी सांगते.

१९९३ साली मी नऊ वर्षांची होते. आमच्या गल्लीत चार घरी टीव्ही होते, त्यातलं एक घर आमचं. ब्लॅक अँड व्हाईट, सरकत्या शटरचा टीव्ही. चित्र हललं की दादा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि मी खिडकीतून ‘आलं’, ‘गेलं’ असं ओरडायची. व्हीसीआर घ्यायची ऐपत नव्हती, पण बाबांचा एक टेपरेकॉर्डर होता. रविवारी सकाळी दादा तो स्टुलावर ठेवून टीव्हीच्या स्पीकरला भिडवायचा. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे एका बाजूवर एक भाग आरामात मावायचा. शीर्षकगीत सुरू झालं की तो ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन्ही बटणं एकदम दाबायचा. तिथून पुढे घरात कोणी ब्र काढायचा नाही. कॅसेट भरली की तिच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या तो मोडून टाकायचा, म्हणजे कोणी चुकूनही तिच्यावर भजनं भरू नयेत.

अशा नऊ कॅसेट आमच्याकडे आहेत. अठरा भाग. चित्र नाही, नुसता आवाज.

आमच्या आजीला हिंदी नीट कळत नसे. चौथ्या कॅसेटच्या ‘ब’ बाजूला शेरखान दात ओठ खात बोलतो आहे आणि मधेच आजीचा आवाज येतो, “काय म्हणते गा तो वाघ?” दादा आधी ‘शूऽऽ’ करतो. मग त्यालाच राहवत नाही आणि तो कुजबुजत सांगतो, “तो म्हणते, हे पोरगं माझं आहे, मला देऊन टाका.” मग भाग संपेपर्यंत तेच. पुढे हिंदी संवाद, मागून दादाची मराठी कुजबूज, आणि त्याच्याही मागे स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी. एका ठिकाणी आजी खात्रीने म्हणते, “हा आपला नाना होय ना?” तिने बरोबर ओळखलं होतं. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचाच होता. मुरुडच्या त्या माणसाचा आवाज वैनगंगेकाठच्या एका म्हातारीने वाघाच्या तोंडून ओळखला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने ती तयार केली. दिग्दर्शक होते फुमिओ कुरोकावा. १९८९-९० मध्ये टीव्ही टोकियो या वाहिनीवर तिचे ५२ भाग दाखवले गेले. गोष्ट रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ आणि १८९५ सालच्या दोन पुस्तकांतली. किपलिंग जन्मले मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. मोगलीच्या गोष्टी त्यांनी लिहायला घेतल्या त्या अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. आणि त्यात रंगवलेलं जंगल आहे आमच्या शेजारचं, सिवनीच्या टेकड्यांचं. मोगलीची वैनगंगा तीच आमची वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात ती उगम पावते, बालाघाटकडून महाराष्ट्रात येते आणि भंडारा शहराला लागून पुढे जाते. पेंचचं जंगल तर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोघांचंही. त्यामुळे मोगली हा आमच्यासाठी परक्या मुलखातला मुलगा कधीच नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा, बस्स.

जपानी चित्रकारांनी त्या गोष्टीला आपली माया लावली होती. मोगलीच्या हातात बूमरँग दिलं, सोबतीला कीची नावाचा लाल पांडा दिला. लाल पांडा सिवनीत सापडत नाही, तो पूर्व हिमालयातला. पण उन्हाळी शिबिरात मुलांना पेंचचे प्राणी शिकवताना मी मुद्दाम कीचीचं चित्र काढते आणि विचारते, यातला पाहुणा कोण? त्या एका प्रश्नावरून अख्खा तास चालतो.

आता मुद्द्यावर येते. चित्रं जपानची होती. ती ज्यांची आहेत ती संस्था त्यांची काळजी घेईल. पण १९९३ साली आपण जे ऐकलं ते जपानचं नव्हतं. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांनी बांधली. जपानमध्ये मालिका वेगळ्याच गाण्याने सुरू व्हायची. त्या गाण्यातलं चड्डी घालून उमललेलं फूल ही कल्पना ना किपलिंगची, ना टोकियोची. ती इथे सुचली, इथल्या मुलांसाठी सुचली. संवादांचंही तेच. डबिंगचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना त्यातली मेहनत ठाऊक असते. पात्राचे ओठ किती वेळा उघडतात, कुठे मिटतात, ते मोजून वाक्य बसवावं लागतं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी, हिंदीतही शेवटी, ही जरा सोय. पण ‘हो’ म्हणायला जपानी पात्राने तीनदा तोंड उघडलं तर हिंदी लेखकाला तीन वेळा तोंड उघडेल असं काहीतरी शोधावं लागतं. मग कलाकार काचेपलीकडे उभा राहून, पडद्याकडे बघत, तुकड्यातुकड्याने ते बोलतो. संगीत आणि पावलांचे, पानांचे, पाण्याचे आवाज वेगळ्या पट्टीवर आलेले असतात. त्यात हे बोलणं मिसळलं की हिंदी ध्वनिपट्टी तयार होते.

ही हिंदी ध्वनिपट्टी हे स्वतंत्र काम आहे. जपानमधल्या तिजोरीत ती सापडेल, असं धरून चालता येणार नाही. ती असेल तर इथल्याच कुठल्या तरी कपाटात, त्या काळच्या यू-मॅटिक किंवा बीटाकॅम टेपेवर. आणि तिथे ती नसेल, तर फक्त आमच्यासारख्यांच्या माळ्यावर. हे पत्र ज्या एका गोष्टीसाठी आहे, ती हीच: डब केलेली आवृत्ती ही परदेशी मालाची नक्कल समजून सोडून देऊ नका. ती आपली निर्मिती आहे आणि ती जपण्याचं काम आपलं आहे.

माझी पहिली तक्रार घरी बघण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रतींबद्दल आहे. आधी गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत भाड्याने मिळणाऱ्या व्हीएचएस कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, असा तो प्रवास सगळ्यांनी पाहिला आहे. २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी मिळू लागली तेव्हा माझ्यासारख्या ग्रंथपालाला हायसं वाटलं होतं, कारण बालविभागाच्या तुटपुंज्या तरतुदीतही चार चांगल्या गोष्टी घेता येणार होत्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानात मला या मालिकेचा एक संच दिसला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला कोणा एकाला पिंजऱ्यात उभं करायचं नाही. खोक्यावर मोगलीचं चित्र, खाली ‘संपूर्ण’ असा शब्द. मी तो स्वतःच्या पैशांनी घेतला. घरी आल्यावर दादाला फोन करून बोलावलं. आम्ही दोघं पंधरा-सोळा वर्षांनी तेच गाणं एकत्र ऐकणार होतो.

पहिली तबकडी लावली. गाणंच नव्हतं. नुसतं कसलंतरी वाद्यसंगीत, त्यावर इंग्रजी नावं. मग शेरखान बोलला आणि दादा माझ्याकडे बघू लागला. तो आवाज तो नव्हता. संवादही ते नव्हते. कोणीतरी सगळं नव्याने, घाईघाईने बोलून घेतलं होतं. भाग मोजले तर ५२ नाहीत, निम्म्याच्या आसपास. क्रमही उलटसुलट. दादा काही बोलला नाही. त्याने आतून चौथी कॅसेट आणली, टीव्हीचा आवाज बंद केला, त्यातला त्या प्रसंगाचा भाग शोधला आणि जुना टेपरेकॉर्डर पुन्हा एकदा टीव्हीशेजारी ठेवला. ओठ पूर्ण जुळत नव्हते, पण आम्ही तो भाग तसा पाहिला. रंगीत चित्र आणि त्यावर आमच्या घरातला १९९३ सालचा आवाज.

त्या कंपनीने फसवलं असं मी म्हणत नाही. तिच्याकडे बहुधा जे हक्क होते ते तिने विकले. माझं म्हणणं एवढंच की खोक्यावर काय लिहायचं याला काही नियम असायला हवा. गोळीच्या पाकिटावर आत काय आहे ते छापावं लागतं. पुस्तकावर आवृत्ती कितवी, अनुवाद कोणाचा, संक्षिप्त की संपूर्ण, हे छापतात. मुलांच्या मालिकेच्या खोक्यावर मात्र आवाज मूळ प्रसारणातले आहेत की नव्याने केलेले, भाग किती, कात्री लावली आहे का, यातलं काहीच सांगायचं बंधन नाही.

कोणी म्हणेल, बाई, हल्ली इंटरनेटवर सगळं सापडतं. सापडतं, काही दिवस. कोणीतरी आपली जुनी कॅसेट प्रेमाने चढवतो आणि एक दिवस ती काढून टाकलेली असते. शिवाय मी ग्रंथपाल आहे. माझ्या वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक लागतो. आज दिसणाऱ्या आणि उद्या गायब होणाऱ्या दुव्याला मी दाखल क्रमांक कसा देऊ? आणि ज्याची मालकी स्पष्ट नाही अशी प्रत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात मी मुलांना लावून दाखवू शकत नाही, दाखवणारही नाही.

दुसरी तक्रार थेट मंत्रालयाकडे आहे आणि ती मोठी आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि प्रत्येकी एक चेन्नईच्या कोन्नेमारा, मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या मध्यवर्ती व दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वखर्चाने, तीस दिवसांत द्यायची असते. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. म्हणून मोगलीवरचं बत्तीस पानांचं रंगभरणाचं पुस्तकसुद्धा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये सापडावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण देशभर दिसलेल्या ५२ भागांची एकही प्रत कुठेही जमा करण्याचं बंधन त्या कायद्यात नाही. प्रसारण हा शब्दच त्यात नाही. १९५४ साली तो नसणं समजू शकते. दिल्लीत दूरदर्शनचं पहिलं प्रसारण झालं तेच १९५९ साली. पण त्यालाही आता सहा दशकं होऊन गेली.

फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांची प्रत जमा करणं बंधनकारक केलं आणि ते काम आयएनए या संस्थेकडे सोपवलं. म्हणजे आम्ही कॅसेटवर मोगली भरत होतो, त्याच्या आदल्याच वर्षी एका देशाने ठरवून टाकलं होतं की टीव्ही ही पुस्तकाइतकीच जपायची गोष्ट आहे. आपल्याकडे सिनेमाला तरी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळालं, १९६४ साली. त्याने प्रभातसारख्या कंपन्यांचा किती ठेवा सांभाळला हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. लहान मुलांच्या टीव्ही मालिकांना असं हक्काचं घर कुठे आहे?

आणि या बाबतीत हयगय झाली की काय होतं, याची उदाहरणं बाहेर कमी नाहीत. ज्या डोरेमॉनवर आज माझ्या बालविभागातली निम्मी मुलं जीव टाकतात, त्याची पहिली मालिका आता सगळ्यांना माहीत असलेली नव्हे. पहिली १९७३ सालची. ती काढणारी संस्था बंद पडली, फिल्म इकडे तिकडे गेल्या, आणि आज ती मालिका पूर्ण पाहायला मिळत नाही. अ‍ॅनिमेशनचं माहेरघर असलेल्या जपानमध्ये, तिथल्या सर्वांत लाडक्या पात्राबाबत हे घडलं. इंग्लंडमध्ये बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेपा पुन्हा वापरण्यासाठी पुसल्या, जुन्या फिल्म टाकून दिल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज आहे. का? कारण त्या काळी काही घरांत मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावला होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून माळ्यावरचा डबा खाली काढला आणि नऊही कॅसेट मोजल्या.

तिसरी तक्रार नावांबद्दल आहे. शेरखान कोणाचा, हे आजीलाही कळलं, कारण तो आवाज आधीच घरोघरी पोचलेला होता. पण भालू कोण होता? बगीरा कोण? कोवळ्या वयाच्या मोगलीसाठी कोण बोललं? आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं. त्या लोकांनी ५२ भाग आमच्याशी दर रविवारी गप्पा मारल्या आणि आम्ही त्यांना रस्त्यात भेटलो असतो तरी ओळखलं नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार कायद्यात कलाकाराला ‘हे सादरीकरण माझं आहे’ असं नाव लागण्याचा नैतिक हक्क मिळाला आहे. जुन्या डबिंग कलाकारांपर्यंत तो कधी पोचणार? त्यातले जे हयात आहेत ते आता साठी-सत्तरीत असतील. त्यांना विचारायला अजून वेळ आहे, पण फार नाही.

टेपांचंही तसंच. चुंबकीय फीत चिकट होते, तिच्यावरचा थर सुटतो, बुरशी धरते. आमच्या भागातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. दरवर्षी दिवाळीत मी कॅसेटचा डबा उन्हात नव्हे, सावलीतल्या वाऱ्यावर उघडा ठेवते आणि नव्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. पण टेप जपली तरी वाजवणार कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९-२० मध्ये जगभर इशारा दिला होता की चुंबकीय टेपांवरचं जे २०२५ पर्यंत संगणकावर उतरवलं जाणार नाही, ते पुढे यंत्रांअभावी कायमचं गमवावं लागेल. ती मुदत टळूनही गेली.

लोकांना हे नको आहे, असं म्हणायला जागा नाही. २०१६ साली मोगलीवरचा नवा हॉलिवूडपट भारतात आला तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच शेरखान करावंसं वाटलं, आणि ते जुनं गाणं नव्याने करून घेतलं गेलं. पडद्यावर नवा वाघ होता, लोक मात्र १९९३ चा रविवार ऐकायला गेले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा लावली. त्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळा बंद, दारं बंद, आणि ती दुपारी जेवणाचं ताट घेऊन मोगलीसमोर बसायची. एके दिवशी तिने विचारलं, “आई, संपल्यावर ही कुठे जाते?” मी तिला खरं उत्तर देऊ शकले नाही. पण त्या पुनःप्रसारणातून एक गोष्ट नक्की कळली: काही ना काही अजून कुठेतरी आहे. म्हणजे मी मागते आहे ते अशक्य नाही.

हक्क गुंतागुंतीचे आहेत, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. चित्रांचे हक्क जपानी संस्थेचे, गाण्याचे वेगळे, हिंदी ध्वनीचे आणखी वेगळे. मान्य. पण जपणूक आणि विक्री या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कलाकृतीची जुनी प्रत असेल तर जपणुकीसाठी ती संगणकावर साठवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिलेली आहे. अडचण कायद्याच्या परवानगीची नाही. ग्रंथालयाकडे ती प्रत येण्याची वाटच नाही, ही अडचण आहे. ती वाट तुम्ही काढू शकता.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

एक, सार्वजनिक प्रसारणासाठी हिंदीत आणि इतर भारतीय भाषांत डब झालेल्या लहान मुलांच्या सर्व मालिकांची यादी जाहीर करा. कोणत्या मालिकेच्या किती टेपा आहेत, कशा प्रकारच्या, कोणत्या अवस्थेत, कोणते भाग नाहीत. सहा महिन्यांत. नसतील तर ‘नाहीत’ असं स्पष्ट लिहा. तेही आम्हाला कळायला हवं.

दोन, ज्या टेपा आहेत त्यांचा आधी आवाज उतरवून घ्या. चित्र परदेशी निर्मात्याकडून पुन्हा मिळू शकतं, आवाज मिळणार नाही. त्याच्या दोन प्रती दोन शहरांत ठेवा. त्यातली एक पुण्यात असावी, असं मला वाटतं, कारण तिथे फीत जपण्याची विद्या आहे.

तीन, १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करा किंवा नवा कायदा आणा, पण प्रसारित कार्यक्रमांची प्रत जमा होणं बंधनकारक करा. त्यात डब केलेल्या आवृत्त्या वेगळं काम म्हणून मोजल्या जाव्यात. आज खासगी वाहिन्यांवर येणाऱ्या मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगलाही हे लागू व्हावं. तीस वर्षांनी दुसऱ्या कोणा ग्रंथपालावर असं पत्र लिहायची वेळ येऊ नये.

चार, जपानी संस्थेशी बोलणी करून ही मालिका १९९३ च्या मूळ हिंदी आवाजांत आणि मूळ गाण्यासह, ५२ भागांत, क्रमाने, रीतसर विकत उपलब्ध करून द्या. वाचनालयांना आणि शाळांना परवडेल अशा दरात. सोबत मराठी ध्वनिपट्टीही करा. पण ती जुन्या आवाजांच्या जागी नको, त्यांच्या शेजारी.

पाच, अशा प्रत्येक प्रतीवर भागांची संख्या, कात्री लावली आहे की नाही, आवाज कोणत्या सालचे आणि कोणाचे, हे छापणं सक्तीचं करा. मूळ कलाकारांची, संवादलेखकांची आणि ध्वनिमुद्रकांची नावं शोधून काढा आणि त्यांना आत्ताच, ते असताना, बोलतं करा.

सहा, लोकांच्या घरांतल्या कॅसेट स्वीकारण्यासाठी प्रत्येक राज्यात एक तरी खिडकी उघडा. कोणावर खटला भरण्यासाठी नव्हे, उतरवून घेऊन परत देण्यासाठी. माळ्यावर काय काय पडलेलं असेल, याचा तुम्हाला अंदाज नाही. मला थोडाफार आहे, कारण वाचनालयात लोक आपल्या वडिलांची जुनी पेटी रिकामी करताना आधी माझ्याकडे येतात.

ती खिडकी उघडलीत तर रांगेत पहिली मी असेन. नऊ कॅसेट, अठरा भाग. टपालाने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन. त्यांच्यावर आजी आणि दादा बोललेले आहेत. ते पुसून आवाज ‘स्वच्छ’ करू नका, एवढी विनंती आहे. आणि चौथी कॅसेट लावण्याआधी वाजवणाऱ्याला सांगून ठेवा: ‘ब’ बाजूला अकराव्या मिनिटाच्या आसपास फीत एकदा तुटली होती, दादाने ती सेलोटेपने जोडली आहे. तो जोड आता चिकट झालाय. तिथे यंत्र हळू चालवावं लागेल.

पत्ता आणि वेळ कळवावी.

आपली,
एक ग्रंथपाल, भंडारा